मधल्या सांध्यातलं रबर

पिल्वे, ५ मे

गास्पार,

पूल उभा आहे.

हे आधी लिहिते, कारण तू दारातच पाकीट फाडशील आणि बाकीचं काही वाचायच्या आधी हेच शोधशील. मिळालं ना? आता खाली बस आणि पाणी पी. त्या वाळवंटात राहून तू पाणी पीत नाहीस, असं तुझी आई सांगत होती. पत्ता तिच्याकडूनच घेतला. ती फोन नंबरही देत होती, पण मीच नको म्हटलं. फोनवर मला बोलता बोलता रडू येतं आणि तू पलीकडून नुसता 'हं, हं' करतोस.

भूकंपाच्या बातम्या तिकडे अन्तोफागास्तालाही पोचल्या असतील. टीव्हीवर आमच्या गावाचं नाव आलं नाही. जिथे माणसं गेली त्या गावांची नावं घेतात ते. आमच्याकडे कुणी गेलं नाही. एकसुद्धा नाही, गास्पार. कोळीवाड्यातलं पाळण्यातलं पोर आणि उबेर्लिंदाची अंथरुणाला खिळलेली सासू धरून सगळे आहेत.

रविवार होता. दुपार कलली होती आणि मी अंगणातल्या भट्टीतून पाव काढत होते. जमीन हलायला लागली तेव्हा मला वाटलं थांबेल, नेहमीसारखी. थांबेना. उभं राहता येईना. मी भट्टीलाच धरून बसले, तळहात भाजला तरी सुटेना. घरातली भांडी पडत होती, आणि त्या सगळ्या आवाजाच्या मागे नदीकडून एक आवाज येत होता: धप्प, धप्प, धप्प. जड कपाटाचं दार कुणीतरी पुन्हा पुन्हा लावावं आणि मध्ये गोधडी अडकलेली असावी, तसा.

थांबल्यावर आम्ही सगळे रस्त्यावर आलो. आणि तुला सांगते, एकानंही समुद्राकडे पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना पुलाकडे. मागचा भूकंप ज्यांनी पाहिलाय त्यांना काही सांगावं लागत नाही. समुद्र येणारच, प्रश्न एवढाच असतो की टेकडीकडे जायला रस्ता आहे की नाही.

उबेर्लिंदा छपरावर चढली होती. तिथूनच ओरडली, "आहे! आहे गं बायांनो! अख्खा आहे!"

मग निघालो. कोण कोंबड्या घेऊन, कोण टीव्ही घेऊन. उबेर्लिंदाच्या एका हातात सासूच्या ढकलगाडीची मूठ आणि दुसऱ्या काखेत घेवड्याचं पातेलं.

मी म्हटलं, "बये, ते पातेलं टाक ना!"

"आणि वर टेकडीवर काय खाशील, जपमाळ?"

तेच पातेलं पुढे सगळ्यांच्या पोटात गेलं, हे मला मान्य करावं लागेल. पण तिच्यासमोर करणार नाही.

समुद्र नंतर आला. होड्या, शेड, शाळेची भिंत, माझी भट्टी, सगळं घेऊन गेला. माझ्या घरात खिडकीपर्यंत चिखल आहे. पुलाखालून पाणी गेलं, मोडक्या होड्या खांबांवर आपटत गेल्या, आणि पुलानं त्यांना जाऊ दिलं.

पाणी उतरल्यावर आम्ही मधल्या सांध्यापाशी जाऊन पाहिलं. कठडा हातभर वाकडा झालाय. फटीतून तुझं काळं रबर बाहेर आलंय, दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखं. चेचलंय पार. पण त्याच्या अल्याड-पल्याडचं काँक्रीट थोडंसं खरवडलंय, बस. तू त्या सप्टेंबरच्या सणाला मांडवात समजावलं होतंस ते आठवलं. शेजारी शेजारी क्वेका नाचणारी दोन जोडपी दाखवून म्हणालास, "ती बुटकी जोडी भरभर पावलं टाकते, ती उंच जोडी संथ. एकाच गाण्यावर नाचतायत, पण ताल वेगळा. थोड्या वेळानं बघा, ढुंगणाला ढुंगण आपटणार." आणि खरंच आपटलं, आणि उंच बाईची वाइन सांडली. टेकडीकडचे खांब आखूड आणि खडकात, आमच्याकडचे लांब आणि वाळूत. म्हणून दोन्हीकडचे गाळे वेगळ्या तालात हलणार आणि मधल्या सांध्यात एकमेकांना टकरा देणार. टकरीनं टोकं फुटली की गाळा आपल्या बैठकीवरून सरकून खाली येणार. म्हणून मध्ये रबर, आणि सरकू नये म्हणून पोलादी दोर. तेव्हा मला वाटलं तू जरा जास्त प्यायलायस.

तू ते काम केलंस तेव्हा दीड महिना पूल बंद होता आणि गावानं तुला काय काय नावं ठेवली. 'डॉन रबर' हे उबेर्लिंदाचं. परवा तिनं वाकून त्या रबरावरून हात फिरवला, आणि मग तोच हात स्वतःच्या गालाला लावला.  उबेर्लिंदानं! म्हणजे बघ.

मी इतरांबरोबर पूल ओलांडून गेले, मला काही झालं नाही. तळहात बरा होतोय. यास्ना बरी आहे.

तुझे आभार मानायला हे पत्र. दुसरं काही नाही.

मेलानिया


पिल्वे, २७ मे

गास्पार,

तुझं पत्र आलं. ते पत्र आहे की तपासणीचा कागद? रबर कुठल्या बाजूनं फाटलं, दोर ताणलेले आहेत की सैल, खालच्या बैठकीच्या कडेला भेगा आहेत का. शेवटी एक ओळ, 'तुमचे गुडघे कसे आहेत?' माझे गुडघे पुलाच्या यादीत आले, हा मी माझा मान समजते.

गुडघे वाईट आहेत. म्हणून मी खाली उतरले नाही. शिडी लावून दुसरा माणूस उतरला. त्यानं पाहिलेलं लिहिते: रबर आमच्या बाजूनं फाटलंय, थराथरांतून पोलादी पत्रे दिसतात. दोर सैल आहेत, तुटलेला एकही नाही. कडेला केसाएवढ्या भेगा आहेत, त्यात चाकूचं टोकही जात नाही. फोटो सोबत ठेवलेत.

आता शिडीवरचा तो माणूस कोण, हे तुला सांगायला हवं. पहिल्या पत्रात मी ते गिळलं. पेन तिथवर नेलं आणि 'यास्ना बरी आहे' लिहून पाकीट चिकटवलं.

त्याचं नाव कुस्तोदिओ. टेकडीच्या मागे मधमाशा पाळतो. यास्नाचा नवरा आहे तो. दोन वर्षं झाली. त्यांना मुलगी आहे, आम्पारो, आता आठ महिन्यांची. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. कळलं नसतं तरीही बरं होतं, असं मला महिनाभर वाटत होतं. पण मग आभार कशाचे मानले हे तुला कधी कळलंच नसतं.

रविवारी ते चहाला माझ्याकडे येतात. त्या दिवशीही येत होते. जमीन हलली तेव्हा त्यांची गाडी पुलावर होती, गास्पार. मधल्या सांध्यापाशी. तिघंही.

यास्नानं मला जे सांगितलं ते तसंच लिहिते. कुस्तोदिओनं ब्रेक दाबला तरी गाडी बाजूला उड्या मारत होती. समोरचा गाळा आणि आपला गाळा एकमेकांकडे येताना तिला डोळ्यांनी दिसत होते. ती पोरीवर पालथी पडली आणि तिनं डोळे मिटले. धक्का बसला की दात वाजत होते. तिला वाटत होतं, पुढचा धक्का शेवटचा. पण प्रत्येक वेळी तो गाळा आपटून परत फिरायचा. थांबल्यावर कुस्तोदिओ म्हणाला, "यास्ना, आपण वरच आहोत." तिनं विचारलं, "कुठे वर?" तिला वाटलं, तो स्वर्गाबद्दल बोलतोय.

त्यानं गाडी उलटी घेत घेत टेकडीच्या बाजूला नेली. बायकोला आणि पोरीला वरच्या वळणावर उतरवलं. आणि मग, हे नीट वाच, तो धावत परत पुलावर आला. सगळं गाव तिकडे जात होतं आणि हा एकटा उलटा, माणसांना ढकलत, माझ्यासाठी. मी 'इतरांबरोबर गेले' असं तुला लिहिलं, ते खोटं. माझे गुडघे गल्लीच्या तोंडाशीच गेले होते. मी लोकांना सांगत होते, पुढे व्हा, मी येते. मला माहीत होतं की मी येत नाही. त्या मधवाल्यानं मला पाठुंगळीला मारलं आणि पूल ओलांडला. मी त्याच्या पाठीवर बसून ओरडत होते, "सोड मला मेल्या, तुझं पोर लहान आहे!" तर तो म्हणतो, "सासूबाई, कानात ओरडू नका, ताल चुकतो."

वरच्या वळणावर यास्ना उभी होती. ते वळण तुला माहीत आहे.

ती नऊ वर्षांची होती तेव्हा तिथंच उभी होती, माझा हात धरून. आम्ही दोघी टेकडीच्या बाजाराला आलो होतो आणि तिचा बाप कोळीवाड्यात जाळी शिवत होता. मागच्या भूकंपात पुलाचा गाळा पडल्यावर रेमिहिओ चालत चालत तुटक्या टोकापर्यंत आला. आमच्या आणि त्याच्या मध्ये एका गाळ्याएवढी हवा. तो काहीतरी ओरडत होता, नदीच्या आवाजात ऐकू येईना. मग त्यानं हातानं खूण केली, वर जा, वर जा. आम्ही वर गेलो. पुढचं तुला ठाऊक आहे.

तू पहिल्यांदा घरी आलास तेव्हा मी हे सांगितलं होतं. बाहेर पाऊस होता, तुझ्या हातात चहाचा कप होता. तू कप खाली ठेवलास आणि विचारलंस, "गाळा कुठल्या बाजूनं आधी सुटला? टेकडीच्या की वाळूच्या?" मी मनात म्हटलं, काय दगड माणूस आणलाय पोरीनं. 'वाईट वाटलं' एवढंही म्हणता येत नाही याला. नंतर लग्न झालं, तुला या जिल्ह्याच्या पुलांचं काम मिळालं, आणि तू कागद, अर्ज, भांडणं यांत इतका बुडालास की घरी यायचास तो नुसता झोपायला. यास्ना म्हणायची, "आई, मी एका पुलाची सवत आहे." तू गेलास तेव्हा मी तिला अडवलं नाही आणि तुलाही नाही. संसार तुमचा होता.

पण आता वाटतं, त्या संध्याकाळी तू कप खाली ठेवलास तेव्हाच हे काम सुरू केलं होतंस. 'वाईट वाटलं' म्हणायची तुझी पद्धत लांबलचक निघाली, एवढंच.

त्या वळणावरून यास्नानं या वेळी पूल पाहिला, आणि पुलावरून तिचा माणूस तिच्या आईला घेऊन येताना पाहिला.

हे तुझ्यामुळे, आणि त्याच्यामुळे. दोघांमुळे. मला यातलं कमी-जास्त करता येत नाही.

मेलानिया


पिल्वे, २० जून

गास्पार बाळा,

या वेळी पत्र लांब लिहिलंस. 'कुस्तोदिओंना माझा नमस्कार' ही ओळ तू खोडून पुन्हा लिहिलीस, ते मागच्या बाजूनं उमटलंय. मी त्याला वाचून दाखवली. तो लाजला, आणि मधाच्या बाटल्या बांधायला बसला. पार्सल वेगळं येतंय. त्यातली काळपट बाटली उल्मोच्या फुलांची, ती चहात घालून वाया घालवू नकोस.

आता पुलाचं. तू लिहिलंस की चेचलेलं रबर एकदाच कामाचं, पुढचा मोठा धक्का आला तर काँक्रीटवर काँक्रीट आपटेल, लगेच बदला. मी पत्र घेऊन नगराध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, प्रांताच्या कचेरीतून साहेब येऊन गेले, पूल सुरक्षित आहे, बदलायचं ते पुढच्या उन्हाळ्यात. तोवर वर पोलादी पत्रा ठोकू.

मी म्हटलं, "साहेब, तुमची खुर्ची मोडली तर वर चादर टाकता का?"

"मेलानियाबाई, काम काढलं तर पूल महिनाभर बंद ठेवावा लागेल. मागच्या वेळी याच लोकांनी माझ्या आधीच्या माणसाच्या दारात कुजके मासे टाकले होते."

ते खरं होतं. मासे कुणी टाकले तेही मला ठाऊक आहे. तिचं पातेलं घेवड्याचं असतं.

तर मी उबेर्लिंदाकडे गेले आणि तुझं पत्र वाचलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग डोक्याला रुमाल बांधून घरोघर गेली. दुसऱ्या दिवशी सगळा कोळीवाडा पुलावर बसला. खुर्च्या, शेगड्या, माते चहाच्या किटल्या, पोरांचे अभ्यास, सगळं तिथेच. एका चादरीवर मोठ्या अक्षरांत 'पूल बंद करा'.

टेकडीवरच्या चौकीतला हवालदार आला. नवीन आहे बिचारा. म्हणाला, "काकू, माझा जरा गोंधळ होतोय. लोक रस्ता उघडा म्हणून बसतात. तुम्ही बंद करा म्हणून बसलाय?"

"हो," उबेर्लिंदा म्हणाली.

"पण तुम्ही बसलात म्हणजे तो बंदच झाला."

"मग आमचं अर्धं काम झालं. आता उरलेलं अर्धं तू कचेरीला कळव. रबर आणा म्हणावं. आणि आमच्या डॉन रबरला विचारून आणा, दुकानात दिसेल ते उचलू नका."

पावसात बसलो होतो आम्ही. तिसऱ्या दिवशी कचेरीची गाडी आली. ठरलं: काम ऑगस्टच्या शेवटी सुरू, तेव्हापासून पूल बंद, नवं रबर आधीपेक्षा जाड. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महिनाभर होडीनं ये-जा करावी लागणार म्हणून टाळ्या! तू तिथे हवा होतास.

यास्नाला मी सगळं सांगितलं. तुला पत्रं लिहिते हेही. ती भाकरीचं पीठ मळत होती. मळायची थांबली नाही. तशीच म्हणाली, "आई, या पुलापायी माझा बाप गेला. या पुलापायी माझा पहिला संसार गेला. आणि याच पुलामुळे माझी पोर आहे. मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही."

"कुणावर? पुलावर की गास्पारवर?"

"दोघांवर," ती म्हणाली, आणि पिठाचा गोळा एवढ्या जोरात आपटला की आम्पारो दचकून रडली. मग आम्ही दोघी हसायला लागलो. पोर आमच्याकडे बघून आणखी रडायला लागली.

हे तुला सांगू की नको, असं तिला विचारलं. म्हणाली, "सांग. त्याला असं काही कुणी सांगत नाही. तो विचारतही नाही."

तर सांगितलं.

मेलानिया


पिल्वे, २ ऑगस्ट

गास्पार,

कचेरीनं तुला कामावर देखरेख करायला बोलावलं आणि तू 'स्थानिक अभियंते पुरेसे सक्षम आहेत' असं कळवलंस, हे मला नगराध्यक्षांच्या तोंडून कळावं? सक्षम आहेत, मान्य. पोरसवदा आहेत, हुशार आहेत, तुझे कागद त्यांनी वाचलेत. त्यातली एक मुलगी मला म्हणाली, "ते आले तर मला खूप विचारायचंय." विचारायचंय म्हणतेय रे. ज्याला सगळं गाव नावं ठेवत होतं त्याला कुणी विचारायला बसलंय, आणि तू वाळवंटात लपून राहतोस.

'माझी तिथे कुणाला अडचण नको' असं लिहितोस. अडचण कुणाची? घर माझं आहे. चिखल काढलाय, भिंती रंगवल्यात, मागची खोली कोरडी आहे. कुस्तोदिओ म्हणतो, बसथांब्यावर मी घ्यायला जातो. मी त्याला विचारलं, "तुला चालेल का?" तो म्हणाला, "त्या माणसानं माझ्या बायकोपोरीखालची जमीन धरून ठेवली. मी त्याला बसथांब्यावरून आणायचं एवढंही करू नको?"

यास्नाला मी विचारलं नाही. तिनं मागच्या खोलीत ब्लँकेट आणून ठेवलं, जाडवालं. तुला थंडी सोसत नाही हे माझ्या लक्षात नव्हतं.

ये.

मेलानिया


पिल्वे, ६ ऑक्टोबर

गास्पार बाळा,

नीट पोचलास, तुझ्या आईचा निरोप आला.

तू गेल्यावर घर मोठं वाटतंय. पाच आठवडे तुझे बूट दारात होते आणि मी रोज त्यांना अडखळून शिव्या घालत होते; आता अडखळायला काही नाही. नवं रबर छान बसलंय. त्या अभियंता मुलीनं मला खाली नेऊन दाखवलं. हो, मी उतरले, चौघांनी धरून. काळे, गुळगुळीत, उशीएवढाले ठोकळे. मी एकाला थोपटलं. ती म्हणाली, सर पण जाताना असंच थोपटून गेले. मग मी तिला विचारलं, अजून कुठे कुठे बसवणार हे? तिनं सांगितलं, नदीच्या वरच्या अंगाला तसेच दोन पूल आहेत, आखूड आणि लांब खांबांचे, आणि त्या कामाचा अर्ज तिनं भरलाय. तुझ्यासारखीच चिवट दिसते. तिच्या घरी कुणी चहाला वाट पाहणारं असेल तर त्याला मी आत्ताच जाऊन समजावून येईन.

तुझे आभार मानायचे राहिले, म्हणून लिहायला बसले. पुलाचे नाहीत, ते मानून झाले. आलास त्याचे. पहिल्या रात्री जेवताना तुम्ही तिघं मीठदाणीकडे बघत बसला होतात आणि मला वाटलं, मी हे काय करून ठेवलं. मग आम्पारोनं तुझा चष्मा ओढला आणि भोपळ्याच्या वड्यांच्या पिठात बुडवला, आणि कुस्तोदिओ मोठ्यानं हसला, तसं सगळं सुटलं. तुम्ही दोघं मधमाशांच्या पेट्यांना वाऱ्यात हलू नयेत म्हणून रबर लावत बसलात तेव्हा यास्ना खिडकीतून बघत होती. म्हणाली, "आई, आता दोघंही वेडे झाले." पण म्हणताना ती बटाटे सोलत होती आणि गाणं गुणगुणत होती.

तुला निरोप द्यायला आलो त्या दिवशी तू आणि यास्ना बसथांब्याच्या टोकाला जाऊन बोलत होतात. काय बोललात ते मी विचारलं नाही, तूही सांगू नकोस. तिनं तुझा मफलर नीट केला एवढं दिसलं. बस गेली.

त्यानंतरचं मात्र तुला माहीत नाही, आणि ते माहीत असायला हवं.

आम्ही गाडीतून माझ्या घरी यायला निघालो. पुलाच्या तोंडाशी आल्यावर यास्ना म्हणाली, "थांब." कुस्तोदिओनं थांबवली. तुला आठवत असेल, बाप गेल्यापासून ती त्या पुलावर कधी पायी उतरली नाही. लग्नाच्या दिवशी सगळी वरात चालत आली आणि ती तुझ्या मामाच्या ट्रकमध्ये बसून आली, पायाला लागलंय म्हणून. पायाला काही लागलं नव्हतं.

ती उतरली. माझ्या मांडीवरून आम्पारोला घेतलं, आणि चालायला लागली. मध्यभागातून, गाड्यांच्या वाटेवरून. सावकाश, पोरगी नवं चालायला शिकावी तशी. मी दार उघडून तिच्यामागे जाणार होते. कुस्तोदिओनं माझ्या हातावर हात ठेवला.

गाडी पहिल्या गिअरमध्ये तिच्यामागे. सांध्यापाशी ती थांबली. नव्या रबरावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे, अशी उभी राहिली, आणि पोरीला काहीतरी सांगायला लागली, नदीकडे बोट दाखवून. खिडकीची काच खाली होती. तिनं 'रेमिहिओ' म्हटलेलं मी ऐकलं. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी ते नाव ऐकलं नव्हतं. नंतर तुझंही नाव ऐकलं. बाकीचं वाऱ्यात गेलं.

आमच्या मागे रांग लागली होती. मासळीचा ट्रक, शाळेची बस, दुसरे कोण कोण. हॉर्न वाजायला लागले. कुस्तोदिओ, जो कधी आवाज चढवत नाही, त्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "थांबा जरा! माझी बायको चालतेय!"

हॉर्न बंद झाले. ती पोचेपर्यंत सगळी रांग तिच्या पावलांनी आली.

मेलानिया